यादीत नसलेले आटे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात लघुउद्योगांच्या अडचणींविषयी मजकूर येतो तेव्हा त्यात विजेचे दर, रस्त्यांवरचे खड्डे, कामगारांची टंचाई आणि थकलेली बिले यांचा उल्लेख हमखास असतो, आणि तो रास्तही आहे. मी आज ज्या अडचणीविषयी लिहीत आहे ती इतकी बारीक आहे की तिची बातमी कधी होणार नाही. परंतु वागळे इस्टेटपासून रबाळे, महापे, तुर्भ्यापर्यंत ज्या ज्या गाळ्यात लेथ फिरतो त्या बहुतेक गाळ्यांना ती कधी ना कधी आडवी आलेली आहे. यंत्रभागांची रेखाटने करण्यासाठी आपण जी कॅड सॉफ्टवेअर वापरतो, त्यांतील आट्यांच्या याद्या अपुऱ्या आहेत. आपल्या कारखान्यांत रोज लागणारे कितीतरी प्रमाणित आटे त्या याद्यांत नाहीत, आणि ते तिथे घालण्याचे काम दुसरे कुणीतरी करील अशा समजुतीने आपण सगळेच वर्षानुवर्षे थांबून राहिलो आहोत.

ज्या वाचकांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगते. बोल्टवर किंवा नळाच्या तोंडावर जी पेचदार खाच फिरत गेलेली असते तिलाच आपण आटे म्हणतो. दोन भागांचे आटे एकमेकांत नीट बसायचे तर बाहेरचा व्यास, एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचे अंतर म्हणजे पीच, आट्याच्या दोन बाजूंमधला कोन, आणि शेंडा व तळ गोल आहेत की सपाट, इतक्या गोष्टी जुळाव्या लागतात. कॅडमध्ये भोक पाडण्याचा आदेश दिला की एक चौकट उघडते. तिच्यात आधी मानक निवडायचे, मग माप, मग बसणीचा वर्ग, म्हणजे जोड किती सैल की घट्ट बसायचा ते. यादीत नाव असेल तर पुढचे सगळे आकडे सॉफ्टवेअर स्वतः भरते: एम १० निवडले की पीच १.५ मिलिमीटर, ड्रिल ८.५ मिलिमीटर, आणि ड्रॉइंगवर लिहायची खूणसुद्धा तयार. तेच आकडे पुढे संगणकाने चालणाऱ्या सीएनसी यंत्राच्या प्रोग्रामपर्यंत जातात. यादीत नाव नसेल तर डिझायनरपुढे दोनच वाटा उरतात. एक म्हणजे साधे भोक काढून शेजारी टीप लिहिणे, आणि दुसरी म्हणजे यादीत जे जवळचे दिसेल ते निवडून मोकळे होणे.

दुसऱ्या वाटेने गेल्यावर काय होते ते मी स्वतः पाहिलेले आहे. गेली बावीस वर्षे मी यंत्रभागांच्या डिझाइनचे काम करते आणि त्यांतली अकरा वर्षे वागळे इस्टेटमध्ये दोन संगणकांचे माझे स्वतःचे छोटे कार्यालय आहे. काही वर्षांपूर्वी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका औषध कारखान्यासाठी आम्ही पंपाच्या तोंडाला लावायचे अडॅप्टर डिझाइन केले. एसएस ३१६ या स्टेनलेस स्टीलच्या गजातून काढायचे चाळीस नग होते. पंपाच्या तोंडाला ब्रिटिश पद्धतीचे अर्ध्या इंचाचे समांतर आटे होते, ज्यांना मानकात ‘जी’ या अक्षराने ओळखतात. आमच्या तेव्हाच्या सॉफ्टवेअरमध्ये पाइपच्या आट्यांखाली एकच नाव होते, एनपीटी, म्हणजे अमेरिकन पद्धतीचे निमुळते पाइपचे आटे. माझ्याकडे नव्याने लागलेल्या मुलाने अर्धा इंच शोधले, अर्धा इंच सापडले, त्याने ते निवडले. ड्रॉइंग माझ्या टेबलावर आले आणि मी त्यावर सही केली. तेव्हा चूक त्याची म्हणण्यापेक्षा माझी अधिक.

हे दोन आटे फसवे का आहेत ते पाहण्यासारखे आहे. दोन्हींत इंचाला चौदाच आटे असतात. जी अर्ध्याचा बाहेरचा व्यास २०.९५५ मिलिमीटर, तर अर्ध्या इंचाच्या एनपीटीसाठी पाइपचा बाहेरचा व्यास २१.३३६ मिलिमीटर. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, आणि एनपीटीचे तोंड निमुळते असल्यामुळे, लांबीच्या दर १६ मिलिमीटरला व्यास १ मिलिमीटरने बदलत असल्यामुळे, हाताने दोन-तीन फेरे ते सुरळीत आत जाते. पुढे ते घट्ट होते. घट्ट झाले म्हणजे बसले, असे जोडणाऱ्याला वाटते. परंतु ब्रिटिश आट्याचा कोन ५५ अंशांचा आणि शेंडे गोल, तर अमेरिकन आट्याचा कोन ६० अंशांचा आणि शेंडे सपाट. त्यामुळे आटा आट्याला पूर्ण टेकत नाही आणि शेंड्याच्या कडेने वर चढत जाणारी एक पेचदार फट शिल्लक राहते. टेफ्लॉन टेपने ती काही काळ भरते. आमच्या नगांची गळती कारखान्यात दाबाची चाचणी घेताना उघडकीला आली आणि चाळीसच्या चाळीस नग परत आले. ज्या गाळ्यात ते केले होते तिथल्या वयस्कर टर्नरकाकांनी परत आलेला नग हातात घेतला, पीच गेजची, म्हणजे आटे ताडून पाहायच्या दातेरी पात्यांच्या साधनाची, दोन पाती आळीपाळीने लावून पाहिली आणि मला म्हणाले, “ताई, आटे चौदाच आहेत, पण हा साठचा आहे. पाना लावला तर बसेल, पण धरणार नाही.” पीच गेजच्या एका बाजूला ५५ आणि दुसऱ्या बाजूला ६० असे कोरलेले असते. काकांच्या खिशातल्या त्या लहानशा गेजमध्ये जी माहिती होती, ती आमच्या महागड्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हती.

‘हे जुने इंचाचे आटे आहेत, ते कशाला हवेत, जग मेट्रिक झाले’ असे उत्तर मला अनेकदा मिळालेले आहे, म्हणून त्याचे निरसन करणे आवश्यक वाटते. भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली आणि १९५८ पासून ती अमलात येऊ लागली, हे खरे. नट-बोल्टपुरते आपण खरोखरच मेट्रिक झालो. आयएस ४२१८ हे त्या आट्यांचे भारतीय मानक आहे. पाइपच्या आट्यांचे मात्र तसे झाले नाही, आणि ते भारतातच नव्हे तर बहुतेक जगात झाले नाही. आयएसओ ७ आणि आयएसओ २२८ या आंतरराष्ट्रीय मानकांत आजही ५५ अंशांचे, इंचाच्या हिशेबाचे ब्रिटिश आटेच आहेत. आपल्याकडची त्यांची भावंडे म्हणजे आयएस ५५४ आणि आयएस २६४३. पहिल्यात दाब आट्यांवरच धरला जातो, दुसऱ्यात तो वॉशरवर धरला जातो आणि आटे केवळ आवळण्याचे काम करतात. घराघरांत पाणी आणणाऱ्या लोखंडी पाइपवर हेच आटे असतात, आणि ‘अर्धा इंची’, ‘पाऊण इंची’ म्हणून हार्डवेअरच्या दुकानात आपण हेच मागतो. म्हणजे हे आटे कालबाह्य नाहीत. ते देशाचे चालू मानक आहेत, आणि त्यामुळे सॉफ्टवेअरच्या यादीत त्यांचे नसणे ही उणीवच म्हटली पाहिजे.

त्यात आणखी एक बारकावा आहे जो यादीत ‘बीएसपी’ (ब्रिटिश पद्धतीचे पाइपचे आटे) एवढेच नाव घालून भागत नाही. काही सॉफ्टवेअरमध्ये हे नाव आता दिसते, पण त्याच्या मागे समांतर आटे आहेत की निमुळते, हे स्पष्ट होत नाही. मानकात जी म्हणजे समांतर, आर म्हणजे बाहेरचे निमुळते, आरसी म्हणजे आतले निमुळते आणि आरपी म्हणजे आतले समांतर, अशी चार वेगळी अक्षरे मुद्दाम दिलेली आहेत. जी असेल तर डॉवटी वॉशर, म्हणजे रबराची कड असलेला धातूचा वॉशर, लागणार, त्याच्यासाठी भोवतीचा पृष्ठभाग सपाट काढावा लागणार. आर असेल तर तोंडापासून किती अंतरावर आट्याचा व्यास मोजायचा ते सांगावे लागते. अर्ध्या इंचाला ते अंतर ८.२ मिलिमीटर आणि उपयोगी आट्यांची लांबी १३.२ मिलिमीटर. एका नावाखाली हे सगळे कोंबले तर चूक टळत नाही, ती पुढे सरकते इतकेच.

या गोंधळाचे मूळ शोधत गेले तर ते १८४१ पर्यंत मागे जाते. त्या वर्षी जोसेफ व्हिटवर्थ यांनी इंग्लंडमध्ये आट्यांची पहिली एकसंध पद्धत मांडली. तोपर्यंत प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे होते, आणि एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसेल याची खात्री नव्हती. व्हिटवर्थ यांनी ठिकठिकाणच्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, ते मोजले, आणि त्यांच्या सरासरीवरून आपली पद्धत बसवली. कोन ५५ अंशांचा ठरवला. पुढे १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांची, सपाट शेंड्याची पद्धत सुचवली, कारण ती करायला आणि मोजायला सोपी होती. दोन्ही आपापल्या जागी बरोबर होत्या आणि दोन्ही रुजल्या. १९०४ मध्ये बाल्टिमोर शहराला आग लागली तेव्हा शेजारच्या शहरांतून बंब आले, पण कित्येकांच्या होजचे आटे तिथल्या पाण्याच्या खांबांना बसेनात. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांच्या सैन्यांना हाच अनुभव आल्यावर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी बोल्टांपुरती ६० अंशांवर तडजोड केली. पाइपचे आटे त्या तडजोडीच्या बाहेर राहिले, आणि त्याची किंमत ठाण्यातल्या एका गाळ्याने चाळीस नगांच्या रूपाने मोजली.

पाइपखेरीज इतरही आटे आहेत. नियंत्रण पॅनेलमध्ये केबल जिथून आत शिरते तिथल्या ग्रंथींना, म्हणजे आपण ज्यांना ग्लँड म्हणतो त्यांना, जुन्या जर्मन यंत्रांवर पीजी नावाचे आटे असतात. त्यांचा कोन ८० अंशांचा आणि खोली अगदी कमी असते, कारण ते पातळ पाइपवर आणि पत्र्यावर पाडायचे होते. पीजी १६ म्हटले की नवखा माणूस १६ मिलिमीटरचे भोक धरतो, पण बाहेरचा व्यास २२.५ मिलिमीटर असतो आणि इंचाला अठरा आटे असतात. आता नव्या यंत्रांवर एम २० किंवा एम २५, दोन्हींना १.५ चा पीच, अशा मेट्रिक ग्लँड येतात. परंतु टीटीसी, म्हणजे ठाणे खाडीपलीकडच्या औद्योगिक पट्ट्यात तीस-तीस वर्षे चाललेली यंत्रे आहेत, आणि दुरुस्तीसाठी पॅनेल नव्याने करायचे तर पीजी लागतेच. माझ्या पाहण्यातील बहुतेक सॉफ्टवेअरच्या भोकाच्या यादीत ते नाही.

दूध आणि औषधे यांच्या कारखान्यांतील युनियनवर, म्हणजे पाइप जोडण्याच्या उघडत्या सांध्यांवर, तर याहूनही वेगळा प्रकार असतो. तिथे डीआयएन ११८५१ या जर्मन मानकाचे गोल आटे असतात, ज्यांची मोठी पितळी किंवा स्टीलची नट खाचांत हुकपाना अडकवून फिरवतात. आटे गोल ठेवण्याचे कारण फार शहाणपणाचे आहे: रोज उघडून धुवायचे, त्यामुळे कोपऱ्यात काही अडकता कामा नये, आणि हजार वेळा आवळूनही शेंडे झिजून तुटता कामा नयेत. पण मापाची लिहिण्याची पद्धत अशी की पन्नासच्या पाइपचा आटा ७८ मिलिमीटर व्यासाचा आणि पीच इंचाचा सहावा भाग! एकाच नावात मिलिमीटर आणि इंच दोन्ही. ४.२३३ मिलिमीटर हा पीच कुठल्याही मेट्रिक यादीत सापडत नाही, आणि ३० अंशांचा गोल आटा हाताने रेखाटायला एका नव्या मुलाला माझ्या कार्यालयात दीड दिवस लागलेला मी पाहिला आहे. त्यात त्याने पीच ४.२५ धरला होता. नटच्या पाच-सहा फेऱ्यांत हा फरक साचत जातो आणि नट अडते.

मोजमापाच्या जुन्या उपकरणांत आणि विजेच्या जुन्या स्विचांत बीए (ब्रिटिश असोसिएशन) नावाचे बारीक आटे असतात, ज्यांची आखणी १८८४ ची आहे. त्यांच्याविषयी मला विशेष प्रेम आहे, म्हणून दोन ओळी अधिक लिहिते. शून्य क्रमांकाचा पीच १ मिलिमीटर, आणि पुढच्या प्रत्येक क्रमांकाचा पीच आधीच्याच्या ०.९ पट, व्यास त्याच पीचवरून एका सूत्राने निघतो. क्रमांक २ चा पीच ०.८१ आणि व्यास ४.७, क्रमांक ४ चा पीच ०.६६ आणि व्यास ३.६ मिलिमीटर. कोन साडेसत्तेचाळीस अंश. इतकी नेटकी पद्धत सॉफ्टवेअरमध्ये घालायला कोष्टकसुद्धा लागत नाही, एक सूत्र पुरते. तरीही ती मला आजवर हाताने भरावी लागली आहे.

‘टीप लिहिली की झाले’ हा दुसरा आक्षेप. वीस वर्षे मीही टिपांवरच काम केले, आणि कागदावरचे ड्रॉइंग हातात घेऊन काम करणारा टर्नर समोर होता तोवर ते चालले. आता ड्रॉइंगऐवजी स्टेप नावाची फाइल पाठवली जाते. त्या फाइलमध्ये भोकाचा आकार जातो, पण आट्याची माहिती सहसा गळून पडते. घेणाऱ्याला फक्त १९ मिलिमीटरचे गुळगुळीत भोक दिसते. ते जी अर्ध्याचे ड्रिल आहे हे ज्याला ठाऊक आहे तो फोन करून विचारतो. ज्याला ठाऊक नाही तो गुळगुळीत भोकच पाठवतो, किंवा त्याला जे योग्य वाटेल ते आटे पाडतो. शिवाय अभियांत्रिकीचे विद्यार्थी आता त्रिमिती छपाईने भाग काढतात, आणि छपाईच्या यंत्राला टीप वाचता येत नाही. त्याला आट्याचा खरा आकारच द्यावा लागतो.

आता हे आटे घालायचे कसे, हा प्रश्न. माझ्या मते याविषयी जो बागुलबुवा आहे तो अनाठायी आहे. आट्यांच्या याद्या म्हणजे काही गूढ प्रोग्राम नव्हे. ती कोष्टके आहेत. काही सॉफ्टवेअरमध्ये ती एक्सेलच्या फाइलमध्ये असतात, काहींमध्ये एक्सएमएल नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये. नाव, बाहेरचा व्यास, मधला व्यास (जिथे आटा आणि खाच सारख्याच रुंद असतात तिथला), आतला व्यास, पीच, कोन, ड्रिल आणि वर्ग, एवढ्या रकान्यांची ओळ प्रत्येक मापासाठी भरायची. ज्याला जमाखर्चाची वही भरता येते त्याला ही ओळ भरता येईल. अडचण ती भरण्यात नाही, ती टिकवण्यात आहे. मी एकदा चार संध्याकाळी बसून पाइपच्या आट्यांची पूर्ण फाइल तयार केली; पुढच्या महिन्यात सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आपोआप उतरली आणि जुनी फाइल जिथे ठेवली होती ते फोल्डरच नाहीसे झाले. तेव्हापासून मी फाइलची प्रत वेगळी ठेवते, परंतु ज्याला हे माहीत नाही तो दुसऱ्यांदा ते काम करणार नाही. वापरणाऱ्याची कोष्टके मूळ प्रोग्रामपासून वेगळ्या जागी राहावीत आणि नव्या आवृत्तीने ती शाबूत ठेवावीत, एवढी साधी सोय प्रत्येक कॅड कंपनीने द्यायला हवी, आणि वार्षिक भाडे भरणाऱ्या आपण ग्राहकांनी ती लेखी मागायला हवी.

मुक्त सॉफ्टवेअरची गोष्ट याहून आशादायक आहे. फ्रीकॅड हे २००२ पासून वाढत आलेले सॉफ्टवेअर नोव्हेंबर २०२४ मध्ये १.० या आवृत्तीला पोहोचले. ते विनामूल्य आहे आणि त्याचा मूळ कोड कुणालाही वाचता व सुधारता येतो. त्याच्या भोक पाडण्याच्या साधनात आधी मेट्रिक आणि अमेरिकन युनिफाइड आटे होते. बीएसपी, एनपीटी, व्हिटवर्थ आणि टायरच्या व्हॉल्व्हचे आटे नंतर कुणीतरी बसून घातले. ते ‘कुणीतरी’ म्हणजे तुमच्याआमच्यासारखीच गरज पडलेली माणसे. तिथे एकदा घातलेले कोष्टक जगभर सगळ्यांना मिळते आणि पुढच्या आवृत्तीतही राहते. ठाण्यातल्या एका गाळ्यात भरलेली ओळ ब्राझीलमधल्या कारखान्याच्या उपयोगी पडू शकते, आणि उलटही.

परंतु इथे एक इशारा देणे मी माझे कर्तव्य समजते. यादीत नसलेला आटा एकदा फसवतो. यादीत चुकीचा घातलेला आटा कायम फसवत राहतो, कारण यादीतल्या आकड्यावर कुणी शंका घेत नाही. म्हणून भरलेला प्रत्येक आकडा मानकाशी ताडून पाहिला पाहिजे आणि त्याखेरीज गणितानेही तपासला पाहिजे. व्हिटवर्थ पद्धतीच्या आट्याची खोली पीचच्या ०.६४०३ पट असते. जी अर्ध्याचा पीच १.८१४, म्हणून खोली १.१६२ मिलिमीटर. बाहेरच्या २०.९५५ मधून ती एकदा वजा केली की मधला व्यास १९.७९३ येतो, दुसऱ्यांदा वजा केली की आतला १८.६३१ येतो. कोष्टकातले तीन आकडे असे एकमेकांना साक्ष देतात. टंकताना एखादा अंक उलटसुलट झाला असेल तर ही वजाबाकी तो लगेच पकडते. आणि सर्वांत शेवटी एक नग प्रत्यक्ष कापून त्यावर गो आणि नो-गो गेज, म्हणजे बसायलाच हवे ते आणि बसता कामा नये ते, फिरवून पाहावे. गेज बोलले की मग पुढे शंका नको.

हे काम कुणी करावे याविषयी माझे मत स्पष्ट आहे. ठाणे आणि नवी मुंबईत अभियांत्रिकी महाविद्यालये, तंत्रनिकेतने आणि आयटीआय यांची कमतरता नाही. तिथे दरवर्षी प्रकल्पांसाठी विषय शोधले जातात आणि बरेचदा तेच ते विषय फिरून येतात. तीन-चार विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक मानक घ्यावे, त्याचे कोष्टक भरावे, वर सांगितल्याप्रमाणे तपासावे, आयटीआयच्या मुलांच्या मदतीने लेथवर दोन मापांचे नग कापावेत आणि मग ते कोष्टक मुक्त सॉफ्टवेअरकडे पाठवावे. अशा प्रकल्पात मानक वाचणे, मोजमाप, प्रोग्राम आणि लेथ या चारही गोष्टी येतात. मी मुलाखती घेते तेव्हा पदवीधर मुलांना आट्याचा मधला व्यास म्हणजे काय हे सांगता येत नाही, याचे मला वाईट वाटते. यात मुलांचा दोष मी मानत नाही, त्यांच्या हातात कुणी पीच गेज दिलेलेच नसते.

भारतीय मानक ब्यूरोने आपली बहुतांश मानके आता संकेतस्थळावरून विनामूल्य उपलब्ध केली आहेत, हे फार मोठे पाऊल आहे आणि त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. त्याच्या पुढचे पाऊल म्हणजे आट्यांच्या मानकांतील कोष्टके संगणकाला थेट वाचता येतील अशा साध्या फाइलच्या स्वरूपातही द्यावीत. आज ती पानांच्या चित्रांत आहेत. जुन्या मानकांच्या प्रती पुसट आहेत आणि त्यांत ३ आणि ८ यांतला फरक भिंगातून पाहावा लागतो. ब्यूरोनेच फाइल दिली तर शंभर ठिकाणी शंभर जणांनी तेच आकडे टंकण्याची आणि त्यांत वेगवेगळ्या चुका करण्याची गरज उरणार नाही.

आपल्या भागातील उद्योजकांच्या संघटनांनाही माझी विनंती आहे. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळाची सुरुवात ज्या वागळे इस्टेटपासून झाली, तिथल्या आणि खाडीपलीकडच्या टीटीसी पट्ट्यातल्या कारखान्यांत किती तऱ्हेचे आटे वापरात आहेत याची नोंद एकदा व्हायला हवी. ठाणे स्मॉल स्केल इंडस्ट्रीज असोसिएशन आणि ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन यांनी सभासदांना एवढेच विचारावे की तुमच्याकडे कोणते आटे लागतात जे तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये नाहीत. कोणते काम आधी घ्यायचे ते त्या उत्तरांवरून ठरेल. व्हिटवर्थ यांनी बोल्ट गोळा केले होते. आपल्याला नुसती नावे गोळा करायची आहेत.

माझ्यापुरते मी सुरुवात केली आहे. बीए क्रमांक शून्य ते दहा आणि पीजी ७ ते पीजी १६ यांची कोष्टके भरून, वजाबाकीने तपासून आणि टर्नरकाकांकडून नग कापून घेऊन तयार आहेत; ज्याला हवी असतील त्याला मी ती विनामूल्य देईन आणि माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे. पीजी २१ मात्र अडले आहे. बाहेरचा व्यास २८.३ मिलिमीटर आणि इंचाला सोळा आटे हे मला ठाऊक आहे, नगही कापून ठेवला आहे, पण त्यावर फिरवायला रिंग गेज ठाण्यात कुठे मिळालेले नाही. वाचकांपैकी कुणाच्या टूलरूममध्ये ते पडून असेल तर एका दुपारपुरते उसने द्यावे. मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि त्याच संध्याकाळी परत आणून देईन.

आपली विश्वासू,
एक वाचक व डिझाइन अभियंता
वागळे इस्टेट, ठाणे (पश्चिम)